भीतीचा तास बंद

व्यसनांबद्दल मुलांशी बोलायचं तर त्यांच्या उरात धडकी भरली पाहिजे, या मताची मी बरीच वर्षं होते. विज्ञान शिकवते म्हणून शाळेत हा विषय आपसूक माझ्या वाट्याला येई. आधी धुळे जिल्ह्यात, मग जळगाव जिल्ह्यात नोकरी झाली. गावं बदलली, कार्यक्रम तोच राहिला. ३१ मेचा तंबाखूविरोधी दिन सुट्टीत येतो, म्हणून तोही २६ जूनच्या अमली पदार्थविरोधी दिनात उरकून घ्यायचा. सकाळी घोषणा देत फेरी. मग पटांगणात सतरंज्या टाकून व्याख्यान. सडलेल्या जबड्यांचे फोटो, काळवंडलेल्या फुफ्फुसाचा तक्ता, पोलीस ठाण्यातून आलेले साहेब, व्यसनातून बाहेर पडलेले एखादे गृहस्थ, आणि शेवटी हात पुढे करून शपथ. पोरं चिडीचूप बसली की मला वाटे, आज लागू पडलं.

हल्ली मी हा कार्यक्रम करत नाही. दुसऱ्या शाळेतून कुणी विचारलं तर त्यांनाही करू नका म्हणून सांगते. यावरून स्टाफरूममध्ये वाद झाले, पालकसभेत झाले. ‘मॅडम मऊ पडल्या’ हेही ऐकून झालं. म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

जुनं मत उगाच बनलेलं नव्हतं. मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. भुसावळ हे देशातल्या मोठ्या रेल्वे जंक्शनांपैकी एक. शिरपूर सोडलं की मध्य प्रदेश, नवापूर सोडलं की गुजरात, रावेरच्या पुढे बऱ्हाणपूर. इकडचं तिकडे जाणारं बरंच काही आमच्या दारावरून जातं. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. ती दरवर्षी वाढवली जाते, आणि सीमेवर गुटख्याच्या गाड्या पकडल्याच्या बातम्याही दरवर्षी छापून येतात. शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी वनजमिनीवर लावलेला गांजा पोलिसांनी उपटून नष्ट केला, ही बातमी तर इथल्या वाचकाला पाठ आहे. शेजारच्या मालेगावचं नाव घेतलं की ‘कुत्ता गोळी’ आठवते. म्हणजे अल्प्राझोलामची गोळी, खरं तर मानसोपचाराचं औषध. खोकल्याच्या कोडीनयुक्त औषधाच्या बाटल्यांचंही तेच. त्यात २०२३ च्या ऑक्टोबरात नाशिकजवळच्या शिंदे गावात एमडीचा, म्हणजे मेफेड्रोन या अमली पदार्थाचा, कारखाना सापडला आणि इकडचेही पालक हादरले. अशा वेळी मास्तरणीने काय करायचं? जोरात ओरडायचं. मी ओरडत होते.

या मताला पहिला तडा आठवीतल्या एका पोराच्या प्रश्नाने गेला. जबड्याच्या कर्करोगाचा फोटो मी हातात धरला होता. मागच्या बाकावरून आवाज आला, “मॅडम, मना आजला बी खास. ऐंशी वरीसना शे. त्याले काय व्हयनं?” वर्ग हसला. मी त्याला शक्यतेचं गणित सांगू लागले. दर शंभरांत किती, वीस-तीस वर्षांनी काय. गणित बरोबर होतं, पण तेरा वर्षांच्या मुलासमोर त्याचा आजा रोज ओट्यावर बसून तंबाखू मळत होता आणि माझा फोटो कुणा अनोळखी माणसाचा होता. खाणारा मरतोच, असं मी सुचवलं होतं. आजा मेला नव्हता. म्हणजे मॅडम वाढवून सांगतात, हा धडा त्या वर्गाने त्या दिवशी घेतला. पुढे त्याच वर्गाला मी गुंगीच्या गोळ्यांबद्दल जे सांगितलं त्यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं. तेही वाढवून सांगितलेल्यांतच जमा झालं असणार.

मग आकडे वाचायला घेतले. भारतात २०१९ मध्ये तेरा ते पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलांची तंबाखूविषयी देशव्यापी पाहणी झाली. चघळायची तंबाखू कधी तरी तोंडात घातलेल्या मुलांपैकी ५२ टक्क्यांनी ती वयाची दहा वर्षं पुरी होण्याआधीच घातली होती. बिडी ओढून पाहिलेल्यांत हे प्रमाण ४७ टक्के होतं. मी ज्या आठवीत शिरून आरडाओरडा करत होते, तिथे पोचेपर्यंत खाणाऱ्यांतल्या निम्म्यांची सुरुवात होऊन गेलेली होती. आणि ती कुणा तस्कराने करून दिलेली नव्हती. “जा रे, पुडी घेऊन ये” म्हणून बापाने पाठवलं, येताना पोराने चिमूटभर चाखली. दात दुखतो म्हणून मावशीने मुलीच्या हिरडीला तपकीर लावली, दुखणं थांबलं, सवय राहिली. खान्देशात मशेरी आणि तपकीर लावणाऱ्या बाया घराघरात आहेत. त्यांना कुणी व्यसनी म्हणत नाही आणि त्याही स्वतःला म्हणवत नाहीत. मी मात्र वर्गात गर्द, कोकेन, एमडी यांचा तक्ता टांगून बसले होते. कुठली वस्तू कशी दिसते, घेतल्यावर काय होतं, सगळं रंगीत. त्या तक्त्यातली बहुतेक नावं पोरांनी माझ्याकडूनच पहिल्यांदा ऐकली.

आपल्या बाल न्याय कायद्याचं, म्हणजे २०१५ च्या कायद्याचं, ७७ वं कलम सांगतं की मुलाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. पालकसभेत मी हे वाचून दाखवलं तेव्हा मागे बसलेले दोघे-तिघे एकमेकांकडे पाहून हसले. त्यांची पुडी आणायला त्यांचाच मुलगा जात होता. मलाही तो कायदा त्यांच्यावर लावायचा नव्हता. मला फक्त एवढंच हवं होतं की उद्यापासून पुडी स्वतः जाऊन आणा. पुढे पालकसभेत मी मागितलेली ही पहिली गोष्ट ठरली, आणि तीच सगळ्यांत जास्त पाळली गेली, कारण तिला पैसा लागत नाही आणि व्यसन सोडण्याची अटही तीत नाही.

दुसरा धक्का पुस्तकी होता. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थविषयक कार्यालयाने २०१३ मध्ये, आणि २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसोबत, प्रतिबंधाच्या कामाची आंतरराष्ट्रीय मानकं काढली. कशाचा उपयोग होतो याची यादी त्यात आहे, आणि कशाचा होत नाही किंवा उलटा परिणाम होतो याचीही. ती दुसरी यादी वाचताना मला आमच्या २६ जूनची कार्यक्रमपत्रिका वाचल्यासारखं वाटलं: नुसतं व्याख्यान, नुसती माहिती, विशेषतः भीती घालणारी, केवळ नीतिमूल्यांचा उपदेश, पूर्वी व्यसनी असलेल्यांचं आत्मकथन, वर्ग घ्यायला पोलीस अधिकारी. शपथेचा तेवढा उल्लेख नव्हता.

अमेरिकेने हे सगळं आमच्या आधी आणि आमच्यापेक्षा मोठ्या पैशाने करून पाहिलं आहे. १९८३ मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी ‘डेअर’ नावाचा कार्यक्रम सुरू केला. गणवेशातले पोलीस वर्गावर जाऊन मुलांना अमली पदार्थांपासून सावध करत. पालक खूश, पोलीस खूश, शाळा खूश. कार्यक्रम देशभर पसरला. संशोधकांनी त्यातल्या मुलांचा दहा वर्षांनी माग काढला आणि १९९९ मध्ये निष्कर्ष छापले. डेअर शिकलेल्या आणि न शिकलेल्या मुलांत फरक नव्हता. पुढे त्या संस्थेने आपला अभ्यासक्रमच बदलला. १९९८ ते २००४ या काळात तिथल्या सरकारने तरुणांसाठी अफाट खर्चाची जाहिरात मोहीम चालवली. तिचं मूल्यमापन २००८ मध्ये आलं: गांजाचा वापर घटल्याचा पुरावा नाही, उलट जाहिराती जास्त पाहिलेल्या काही मुलांचा गांजाकडे कल थोडा वाढलेला. कारण काय असावं? संशोधकांचा एक तर्क असा, की एवढ्या जाहिराती चालल्यात म्हणजे बाकीची पोरं सर्रास ओढत असणार, असं त्या मुलांना वाटलं.

हा तर्क वाचला आणि मला माझं आवडतं वाक्य आठवलं: “आजची तरुण पिढी व्यसनाच्या विळख्यात सापडली आहे.” प्रत्येक भाषणाची सुरुवात मी याच वाक्याने करायचे. मुलांच्या कानावर ते कसं पडत असेल याचा विचार कधी केला नव्हता. पिढी म्हणजे तेच. विळख्यात सापडली म्हणजे सगळेच घेतात. चौदा वर्षांच्या पोराला कर्करोगाची भीती फार नसते. आपण एकटेच वेगळे पडू याची असते. त्या भीतीला मी दरवर्षी खतपाणी घालत होते.

तेव्हापासून वर्गात एक साधा खेळ घेते. कागदाच्या चिठ्ठीवर नाव न घालता लिहायचं: तुमच्या वयाच्या शंभर मुलांपैकी किती जण तंबाखू घेत असतील? कुणी चाळीस लिहितं, कुणी साठ, एखादा पठ्ठ्या नव्वद. मग मी २०१९ च्या पाहणीतला देशाचा आकडा फळ्यावर लिहिते: ८.५ टक्के. महाराष्ट्रातल्या मोठ्या माणसांचा, २०१६-१७ च्या पाहणीतला: २६.६ टक्के. म्हणजे मोठ्यांतलेही चारातले जवळजवळ तीन जण घेत नाहीत. मुलांना हे आधी पटत नाही. “मॅडम, आमच्या गल्लीत या!” म्हणतात. मग गल्लीतलीच माणसं मोजायला सांगते. बायका, पोरी, सातवीतली पोरं, देवळात बसणारे, माळकरी, सगळे. मोजून आलेल्या मुलांचा सूर बदललेला असतो. खाणारा माणूस टपरीवर उभा असतो, चौकात पिंक टाकतो, म्हणून दिसतो. न खाणारा काहीच करत नाही, त्यामुळे तो नजरेत भरत नाही.

आत्मकथनाबद्दल मात्र मला थांबून लिहायला हवं, कारण इथे गैरसमज सहज होतो. व्यसनातून बाहेर पडलेल्या माणसांबद्दल मला आदर आहे. पुण्यात २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांच्या मदतीने ‘मुक्तांगण’ सुरू केलं, ते अवचटांनी गर्दच्या विळख्यावर लिहिलेल्या लेखांतून. व्यसनी माणसाला तुच्छतेने न वागवता उपचार कसे करता येतात, हे त्या संस्थेने मराठी माणसाला दाखवलं. पूर्वी व्यसनी असलेला समुपदेशक तिथे जे करू शकतो ते डॉक्टरलाही जमणार नाही. पण ते व्यसनात असलेल्या माणसासाठी. ज्याने अजून काही सुरूच केलेलं नाही अशा आठवीतल्या पोरांसमोर तीच कथा वेगळी पोचते. आमच्या एका कार्यक्रमानंतर मुलं पाहुण्यांच्या भोवती गोळा झाली होती. त्यांचे प्रश्न होते: तेव्हा कसं वाटायचं, पैसे कुठून आणायचा, पोलिसांच्या हाती कसे लागला नाहीत. बिचाऱ्या पाहुण्यांचा यात काही दोष नव्हता. त्यांना चुकीच्या ठिकाणी मी बोलावलं होतं.

आता तास कसा घेते ते सांगते. वर्षाला एक मोठा कार्यक्रम करण्याऐवजी दर पंधरवड्याला विज्ञानाच्याच तासातली वीस-पंचवीस मिनिटं. मी कमी बोलते. बहुतेक वेळ मुलं प्रसंग करून दाखवतात, आणि प्रसंग त्यांचेच असतात. चुलतभावाची हळद, डीजे लागलाय, मोठी पोरं गोठ्यामागे बोलावतात, “एकदा घेऊन तर पाहा, पोरीसारखा काय करतो?” क्रिकेटचा सामना जिंकल्यावर कप्तान पुडी फोडतो. परीक्षेच्या आदल्या रात्री कुणी गोळी पुढे करतं, “याने झोप येत नाही.” अशा वेळी नाही कसं म्हणायचं? ‘ठामपणे नकार द्या’ हे माझं जुनं उत्तर. पोरांनी ते हसण्यावारी नेलं, आणि बरोबर होतं. मोठ्या भावाच्या मित्राला सगळ्यांदेखत ठाम नकार देणं माझ्यासारख्या पन्नाशीच्या बाईलाही अवघड. त्यांनी शोधलेली उत्तरं शहाणी आहेत. लग्नात पंगतीला वाढायचं काम अंगावर घ्यायचं, मग हात मोकळे नसतात आणि कुणी बोलावतही नाही. मला उलटी होते म्हणायचं. विषय बदलायचा. निघून यायचं असेल तर एकट्याने न निघता दुसऱ्या कुणाला तरी ओढून आणायचं. हे शेवटचं मला फार मोलाचं वाटतं, कारण सोबत असली की नाही म्हणणं निम्मं सोपं होतं.

हे मी स्वतः शोधून काढलेलं नाही. दिल्ली आणि चेन्नईतल्या ३२ शाळांत २००४ ते २००६ या काळात ‘मैत्री’ नावाचा प्रकल्प झाला. सहावी-आठवीच्या मुलांसाठी वर्गातले उपक्रम, मुलांमधूनच निवडलेले गटप्रमुख, घरी पालकांसाठी पत्रकं. दोन वर्षांनी पाहिलं तेव्हा ज्या शाळांत प्रकल्प नव्हता तिथे तंबाखूचा वापर वाढला होता, प्रकल्पाच्या शाळांत कमी झाला होता. भारतातल्या शाळांत हे होऊ शकतं, याची खात्री मला त्याने पटली.

माहिती देणं मी सोडलेलं नाही, तिची निवड बदलली आहे. पस्तीस वर्षांनंतरच्या कर्करोगापेक्षा आजचा वास, पिवळे दात, धावताना लागणारी धाप आणि महिन्याला जाणारे पैसे यांवर बोलते. पंक्चरचं सोल्युशन आणि व्हाइटनर हुंगण्याबद्दल सरळ बोलते, कारण मादक पदार्थांच्या वापराविषयीच्या २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त आढळलेलं व्यसन हे एकच. आणि ते पहिल्याच वेळी हृदय बंद पाडू शकतं. ‘औषधाच्या दुकानातली गोळी म्हणजे सुरक्षित’ हा गैरसमज काढते. पण जे माहीत आहे तेवढंच, चढवून न सांगता. आज्याचा प्रश्न आता आला तर सांगते, “तुझा आजा बरा आहे, छान. खाणाऱ्या सगळ्यांनाच कर्करोग होत नाही. पण कुणाला होणार ते आधी कळत नाही. आणि आज्याला विचार, सोडावीशी वाटली का कधी, आणि सुटली का?” पोरं विचारून येतात. “सुटत नही, भाऊ” हे उत्तर आज्याच्या तोंडून आलं की माझ्या फोटोची गरज उरत नाही.

सातपुड्यातल्या मुलांबाबत मला अजून सांभाळून बोलावं लागतं. पावरा आणि भिल्ल घरांमध्ये मोहाची दारू सणात आहे, देवाच्या कार्यात आहे, सोयरिकीत आहे. ‘दारू म्हणजे विष’ असं वर्गात म्हटलं की त्या मुलाला ऐकू येतं, तुझं घर वाईट. ते मूल मान खाली घालतं आणि पुन्हा तोंड उघडत नाही. दारूने तिथली घरं उद्ध्वस्त होतात हेही खरं, आणि ते सगळ्यांत आधी तिथल्या बायाच सांगतात. म्हणून आता मी दोन्ही प्रश्न वर्गात ठेवते: सणाला किती, आणि सण नसताना किती? उत्तरं मुलंच देतात.

दाखल्याबद्दलचं माझं मत बदलायला सगळ्यांत जास्त वेळ लागला. मुलाच्या दप्तरात गुटखा किंवा गोळ्या सापडल्या की शाळा सोडल्याचा दाखला त्याच्या हातात द्यायचा, या बाजूने मी स्टाफरूममध्ये बोलत असे. युक्तिवाद साधा होता: एकासाठी बाकीच्या चाळिसांना का बिघडवायचं? तो अगदी पोकळ नाही. विकणारा मुलगा वेगळा आणि खाणारा वेगळा, हे मी आजही मानते. पण खाणाऱ्याला काढून टाकलं की काय होतं? त्याचा दिवसभराचा वेळ मोकळा होतो आणि तो जिथे जातो तिथे शाळेत न जाणारीच पोरं असतात. अमेरिकेत १९९७ मध्ये किशोरवयीनांचा एक प्रचंड अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या मुलाला घरची माणसं जवळची वाटतात आणि शाळा आपली वाटते, त्याच्यात दारू, सिगारेट, गांजा या सगळ्यांचं प्रमाण कमी आढळलं. आमचा दाखला नेमका तो धागा कापतो.

त्यासाठी अमेरिकेपर्यंत जायची गरज नव्हती. १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. तिथल्या छात्रालयाचं काम पाहत. मुलांसाठी हाताने लिहून ‘छात्रालय’ दैनिक काढत. धाक न दाखवता मुलं ऐकतात याचं उदाहरण आमच्याच जिल्ह्यात होतं. आम्ही त्यांच्या फोटोला हार घालायचो आणि आतल्या खोलीत दाखला लिहायचो.

आता आमच्याकडे असा मुलगा सापडला तर आधी एका शिक्षकाशी त्याची गाठ घालून देतो. पालकांना एकट्याने बोलावतो. शिपायाच्या देखत नाही. किती दिवसांपासून, कुणाबरोबर, आणि घेतलं नाही तर काय होतं, हे विचारतो. नुसतं करून पाहिलेलं असेल तर बहुतेकदा एवढ्यावर भागतं. सवय लागली असेल तर डॉक्टरकडे. बाप म्हणतो, “डॉक्टरकडे नेलं तर केस होईल.” तेव्हा सांगते की १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातच ६४-अ कलम आहे: सेवनाच्या किंवा थोड्या मालाच्या गुन्ह्यात असलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळतं. १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठीचा आणि १४४१६ हा मानसिक आरोग्यासाठीचा, असे दोन्ही निःशुल्क क्रमांक फळ्याच्या कोपऱ्यात कायम लिहिलेले असतात. पुसले गेले तर मुलंच पुन्हा लिहितात.

नव्या मताचाही मला भाबडेपणा नको आहे. बिहारच्या नालंदा जिल्ह्यात सरकारी माध्यमिक शाळांत ‘सेहर’ नावाचा प्रयोग झाला. विषय थेट व्यसनाचा नव्हता. शाळेचं वातावरण, मुलांची उदासी, दादागिरी असा होता. काही शाळांत हे काम गावातल्याच, प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकाकडे होतं, काहींत शिक्षकाकडे. समुपदेशकाच्या शाळांत सुधारणा स्पष्ट दिसली. शिक्षकांच्या शाळांत दिसली नाही. हे वाचताना शिक्षिका म्हणून मला लागलं, पण नवल वाटलं नाही. निवडणूक आणि जनगणनेची कामं, पोषण आहाराच्या नोंदी, रोजची ऑनलाइन माहिती, यांतून मूल दिसेल कधी? शिवाय परीक्षेचे गुण ज्याच्या हातात, त्याला मूल मनातलं किती सांगेल? म्हणून शाळेला समुपदेशक हवा ही मागणी मी सोडत नाही, मग त्यासाठी माझे पंधरवड्याचे तास गेले तरी चालतील.

आइसलँडचंही तसंच. तिथे १९९८ मध्ये पंधरा-सोळा वर्षांच्या ४२ टक्के मुलांनी मागच्या महिन्यात दारू पिऊन झिंगल्याचं सांगितलं होतं. २०१६ मध्ये ते प्रमाण ५ टक्के झालं. उपदेशावर भर नव्हता. संध्याकाळचे खेळ आणि संगीत, त्यासाठी मुलामागे मिळणारं अनुदान, पालकांनी एकत्र येऊन मुलांसोबत घालवायचा वेळ, रात्री मुलांनी बाहेर राहायच्या वेळेला मर्यादा. तो देश जळगाव जिल्ह्यातल्या एखाद-दोन तालुक्यांएवढ्या वस्तीचा आणि श्रीमंत. इथे दुपारच्या उन्हात पोर खेळणार नाही, आई केळीच्या बागेत किंवा कापूस वेचायला, बाप एमआयडीसीत दुसऱ्या पाळीला. पण शाळेचं मैदान पाच वाजता कुलूपबंद का होतं, हा प्रश्न विचारायला श्रीमंत असावं लागत नाही. आमच्याकडे आता ते सात वाजेपर्यंत उघडं असतं. कबड्डी चालते. मुली मात्र सहाला घरी जातात, कारण अंधारात परत कोण सोडणार? याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

एक मत जराही बदललेलं नाही. पुरवठा अडवलाच पाहिजे. २००३ च्या कायद्याने शाळेच्या शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला मनाई आहे, अठरा वर्षांखालच्या मुलाला विकायला तर कुठेच परवानगी नाही. अल्प्राझोलामसारख्या गोळ्या डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायच्या नाहीत आणि दुकानदाराने त्यांची वेगळी नोंदवही ठेवायची, असाही नियम आहे. पोलीस आणि अन्न-औषध प्रशासनाची गरज माझ्या वर्गात नाही, फाटकाबाहेर आहे. साहेबांनी भाषणाचा तो एक तास टपरी हलवण्यात घालवला तर त्यांचे उपकार मानीन.

नव्या पद्धतीत एक तोटा आहे, तोही सांगते. फेरीचा फोटो वर्तमानपत्रात येतो, फाईलला लागतो. पंगतीत वाढायला उभ्या राहिलेल्या पोराचा फोटो कुणी काढत नाही. काहीच घडलं नाही, हेच आमचं यश. ते अहवालाच्या कुठल्या रकान्यात भरायचं?

पेच मात्र एक उरला आहे. मुलं विश्वासाने सांगू लागली की कधी कधी विकणाऱ्याचं नावही सांगतात. ते पोलिसांना कळवलं आणि पोराचं नाव फुटलं तर ते गल्लीत सुरक्षित नाही, आणि मला पुन्हा कुणी काही सांगणार नाही. न कळवलं तर तो माणूस उद्या पाचवीतल्या मुलापर्यंत जाईल. सध्या मी असं करते: मुलाला आधी विचारते, त्याच्या पालकांना विश्वासात घेते, आणि मुलाचा संदर्भ न देता दुकानाची तक्रार शाळेच्या नावाने लेखी देते. प्रत्येक वेळी हे पुरेसं असतं असं म्हणणार नाही. माझे सहकारी यावर माझ्याशी भांडतात, आणि काहींचं म्हणणं बिनतोड असतं. पुढच्या पालकसभेत हाच विषय ठेवला आहे. फेरी का काढली नाही, यापेक्षा त्यावर वाद झाला तर मला जास्त आवडेल.